जन्मतारीख एकाच ठिकाणी: चार मुक्तस्रोत डेटाबेसांचा तुलनात्मक परिचय



दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी एक माजी विद्यार्थिनी आमच्या शाळेच्या कचेरीत आली. परदेशातील नोकरीसाठी तिने कागदपत्रे जमविली होती. परंतु त्यांत जन्मतारखेचा मेळ बसेना. जनरल रजिस्टरात तिची जन्मतारीख १२ जून अशी होती, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर २१ जून अशी छापली होती. दाखला ज्या यादीवरून छापला गेला ती यादी काही वर्षांपूर्वी आम्हीच उतरून काढली होती. आमच्या हातून दोन आकडे उलटसुलट झाले, एवढेच. पण तेवढ्याने तिला या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालावे लागले, आणि दुरुस्ती होऊन हाती येईपर्यंत नोकरीवर रुजू होण्याची मुदत टळून गेली.

त्या दिवशी आम्ही सहज मोजून पाहिले. तिची जन्मतारीख शाळेत पाच ठिकाणी लिहिलेली होती: प्रवेशअर्जावर, जनरल रजिस्टरात, वर्गाच्या यादीत, परीक्षेच्या यादीत आणि शिष्यवृत्तीच्या यादीत. नावाची तऱ्हा तर याहून विचित्र. आमच्या गोव्यात घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी आणि कचेरीची इंग्रजी. त्यातच आजोबांच्या काळचे कागद पोर्तुगीजमध्ये. त्यामुळे एकच आडनाव एका यादीत 'नाईक' तर दुसरीत 'नायक' असे सापडते. एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिली की तिच्या पाच गोष्टी होतात, हे त्या दिवशी आम्हांस प्रत्ययास आले.

त्यानंतर शाळेचे दप्तर नीट मांडण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. तरीही दोन सुट्यांत, वरच्या वर्गातील काही मुलांच्या साहाय्याने, आम्ही चार मुक्तस्रोत डेटाबेस आपापल्या परीने वापरून पाहिले. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता व बदलता येते असे. त्या अभ्यासाचे सार प्रस्तुत लेखात देत आहोत. शाळेचेच नव्हे, तर पतसंस्थेचे, वाचनालयाचे किंवा एखाद्या दुकानाचे दप्तर उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती येईल, त्यास याचा उपयोग व्हावा.

१. मूळ कल्पना

१९७० साली एडगर कॉड या संशोधकाने एक निबंध प्रसिद्ध केला. ते आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करीत असत. त्यापूर्वी संगणकातून माहिती काढावयाची तर ती आत कोणत्या वाटेने ठेवली आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागे. रचना बदलली की प्रोग्राम निकामी होई. कॉड यांनी सुचविले की सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, तक्त्यातक्त्यांचा संबंध त्यांतील मूल्यांवरूनच जुळावा, आणि विचारणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे. 'कसे शोधावे' हे यंत्राने ठरवावे. या कार्याबद्दल त्यांना १९८१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर असे. विद्यार्थ्यांचा एक तक्ता. त्यात प्रत्येकाची एक ओळ, आणि नाव, जन्मतारीख, पत्ता असे रकाने. पुस्तकांचा दुसरा तक्ता. देवघेवीचा तिसरा, त्यात मात्र नाव किंवा जन्मतारीख पुन्हा लिहावयाची नाही, केवळ विद्यार्थ्याचा रजिस्टर क्रमांक व पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहावयाचा. नाव हवे असेल तेव्हा यंत्र त्या क्रमांकावरून पहिल्या तक्त्यात जाऊन ते आणील. म्हणजे एक गोष्ट एकाच ठिकाणी राहिली, आणि ती तेथे सुधारली की सर्वत्र सुधारली. अशा मांडणीस रिलेशनल, म्हणजे संबंधाधिष्ठित, डेटाबेस म्हणतात.

असे तक्ते विचारण्यासाठी आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली एक भाषा मांडली. तीच पुढे 'एसक्यूएल' या नावाने रूढ झाली व १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. ज्या चार डेटाबेसांचा विचार आपण करणार आहोत ते चारही हीच भाषा बोलतात. उच्चारात थोडाफार फरक असतो, जसा पेडण्याच्या व काणकोणच्या कोंकणीत असतो. पण एकाशी बोलावयास शिकले की दुसऱ्याशी बोलणे कठीण जात नाही. हा या विद्येचा मोठाच गुण होय.

२. चौघांचा पूर्वेतिहास

मनुष्याचा स्वभाव पुष्कळदा त्याच्या बालपणावरून उलगडतो. या चार डेटाबेसांचेही तसेच आहे.

पोस्टग्रेसक्यूएल, बोलण्यात नुसते पोस्टग्रेस, याचा जन्म विद्यापीठात झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी आधी 'इंग्रेस' नावाचा डेटाबेस केला होता. त्याच्या पुढची पायरी म्हणून १९८६ साली त्यांनी 'पोस्टग्रेस'चे काम आरंभिले. पुढे अँड्र्यू यू व जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यास एसक्यूएल भाषा शिकविली, आणि १९९६ साली त्याचे आजचे नाव पडले. पंडितांच्या घरी वाढलेल्या मुलाची शिस्त व चिकित्सा त्याच्या अंगी अजून आहे.

मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मास आले. मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क व अ‍ॅलन लार्सन हे त्याचे जनक. विडेनियस यांच्या 'मी' नावाच्या कन्येवरून त्याचे नाव ठेवले गेले. ते चपळ व मांडावयास सोपे असल्याने इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या पहिल्या बहरात त्याचा प्रसार झपाट्याने झाला. २००८ साली ते सन कंपनीने विकत घेतले, आणि २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली.

मारियाडीबी हा त्याचाच धाकटा भाऊ. मायएसक्यूएलचे भवितव्य एका मोठ्या कंपनीच्या हाती जाणार, या चिंतेने विडेनियस यांनी २००९ साली त्याच संहितेतून वेगळी शाखा काढली व तिला आपल्या धाकट्या कन्येचे, मारियाचे, नाव दिले. आरंभी दोघे जवळजवळ एकरूप होते. आता ते हळूहळू दुरावत चालले आहेत. विकिपीडियाने २०१३ साली मारियाडीबीचा स्वीकार केला.

एसक्यूलाइट सर्वांत लहान. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिले. अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेवरील संगणकव्यवस्थेचे काम ते करीत होते. तेथे डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम अडून बसे. तेव्हा सर्व्हरच नको, असा विचार त्यांनी केला. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस म्हणजे एक फाईल. आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील स्मार्टफोनमध्ये ते वास करून आहे. आपल्या ते गावीही नसते.

३. पहिल्या दिवसाची सोय

आता तुलनेस आरंभ करू. सोपेपणा हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण आमच्या मते सोपेपणा दोन प्रकारचा असतो: पहिल्या दिवसाचा आणि दहाव्या वर्षाचा. प्रथम पहिल्या दिवसाचा पाहू.

या परीक्षेत एसक्यूलाइट निर्विवाद पहिले येते. त्यास मांडावे लागत नाही, चालू करावे लागत नाही. वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द, यांतले काहीही नाही. फाईल उघडली की काम सुरू. प्रत घ्यावयाची तर काम थांबवून फाईलची नक्कल करावी, म्हणजे झाले. आमच्या नववीतील मुलांनी एका तासात पुस्तकांचा तक्ता करून त्यात दहा पुस्तके भरली.

मायएसक्यूएल व मारियाडीबी यांस सर्व्हर लागतो. म्हणजे संगणकात सतत जागा राहणारा एक चाकर ठेवावा लागतो. तरी त्यांची मांडणी फारशी कष्टाची नाही. शिकविणारी पुस्तके व जाणकार माणसे विपुल आहेत, आणि भाड्याने जागा देणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे यांपैकी एक आधीच मांडलेला असतो. ग्रंथालयासाठी न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेले 'कोहा' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर याच घराण्यावर चालते.

पोस्टग्रेस पहिल्या दिवशी थोडे करडे वाटते. कोणत्या संगणकावरून कोणी यावे व आपली ओळख कशी पटवावी, हे एका वेगळ्या फाईलीत नमूद करावे लागते. ते चुकले की दार उघडतच नाही. आमचा पहिला दिवस त्या दारातच गेला, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्याबरोबर मिळणारी लिखित माहिती इतकी पद्धतशीर आहे की चिकाटीने वाचणाऱ्यास दुसऱ्या गुरूची फारशी गरज भासू नये.

४. चुकीची नोंद कोण अडवितो?

आता दहाव्या वर्षाचा सोपेपणा. दहा वर्षांनी दप्तर सोपे वाटेल की नाही, हे या दहा वर्षांत त्यात किती कचरा शिरला यावर अवलंबून असते. म्हणून डेटाबेसची खरी कसोटी अशी: चुकीची नोंद पुढे केली असता तो काय करतो?

जन्मतारखेच्या रकान्यात '३१ फेब्रुवारी' अशी नोंद आपण भरू पाहतो, असे समजा.

पोस्टग्रेस ती सरळ नाकारते. अशी तारीख नाही, असे सांगून ते थांबते. ते आजच नव्हे, पूर्वीपासून असेच वागत आले आहे.

मायएसक्यूएलचे पूर्वीचे वर्तन निराळे होते. कडक पद्धत मुद्दाम चालू केली नसेल तर ते अशा तारखेच्या जागी सगळी शून्ये लिहून ठेवी व केवळ एक सूचना देई. ती सूचना वाचणार कोण? २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून मात्र कडक पद्धत मूळचीच चालू असते व चुकीची तारीख नाकारली जाते. मारियाडीबीनेही २०१७ साली १०.२ या आवृत्तीत तसेच केले. रकान्यावर घातलेल्या अटींचीही तीच कथा. 'गुण शून्याहून कमी नसावेत' अशी अट घातली तर मायएसक्यूएल ती वाचून घेई, पण पाळीत नसे. २०१९ सालच्या ८.०.१६ या आवृत्तीपासून ते ती पाळू लागले. जुन्या पुस्तकांतील निंदा वाचून आजच्या मायएसक्यूएलला दोष देणे म्हणून न्याय्य नव्हे. पण जुनी आवृत्ती कोठे चालू असेल तर सावध राहणे बरे.

एसक्यूलाइट याबाबतीत फार उदार आहे. त्याच्याकडे तारीख नावाचा वेगळा प्रकारच नाही, आणि आकड्याच्या रकान्यात अक्षरे लिहिली तरी ते मुकाट्याने ठेवून घेते. २०२१ साली 'कडक तक्ते' करण्याची सोय त्यात आली. त्यांत आकड्याच्या जागी अक्षरे चालत नाहीत. तारखेची तपासणी करणारी अट मात्र आपणच लिहून घालावी लागते. शिवाय, पुस्तकांच्या तक्त्यात नसलेल्या पुस्तकाची देवघेव नोंदविली जाऊ नये, हे तक्त्यातक्त्यांमधील बंधन त्यात मूळचे बंद असते. प्रत्येक वेळी जोडणी करताना ते चालू करावे लागते. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. पण तो ठाऊक नसेल तर घात होतो.

५. अर्धवट राहिलेले काम

एक मुलगी शाळा सोडून गेली. तिचे नाव पटावरून काढावयाचे, ग्रंथालयाचे खाते बंद करावयाचे व दाखल्याची नोंद करावयाची, अशी तीन कामे आहेत. दुसरे काम होताच वीज गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. अशा वेळी तिन्ही कामे एका 'व्यवहारात' बांधता येतात: झाली तर तिन्ही होतील, नाही तर एकही नाही. हा गुण आज चौघांतही आहे. मायएसक्यूएलमध्ये २०१० सालापर्यंत मूळची असलेली साठवणपद्धती याला अपवाद होती. ती त्या वर्षी बदलण्यात आली.

फरक आहे तो खुद्द तक्त्याची रचना बदलताना. समजा, विद्यार्थ्यांच्या तक्त्यात नवा रकाना घालावयाचा आहे व त्याबरोबर जुन्या नोंदी हलवावयाच्या आहेत. पोस्टग्रेस व एसक्यूलाइट यांत हा सगळा खटाटोप एका व्यवहारात बसतो; मध्ये चूक आढळली तर सर्व पूर्ववत होते. मायएसक्यूएल व मारियाडीबी यांत रचना बदलण्याचा आदेश दिला की तोवरचे काम आपोआप पक्के होते; मागे फिरता येत नाही. म्हणून तेथे आधी प्रत काढून ठेवल्याशिवाय अशा कामास हात घालू नये.

एकाच वेळी अनेकांनी लिहिण्याचाही प्रश्न आहे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, दुसऱ्याने थांबावयाचे. एका कारकुनास ते पुरेसे आहे. परंतु निकालाच्या आठवड्यात दहा शिक्षक दहा संगणकांवरून गुण भरू लागले, तर इतर तिघांपैकी एकाकडे जाणेच योग्य. एसक्यूलाइटची फाईल जाळ्यावरील सामायिक जागेत ठेवून अनेकांनी उघडणे तर टाळावेच. तिची मोडतोड होण्याचा संभव असतो.

६. प्रगत गुण

'प्रगत' हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की हे मोठ्या कारखान्यांचे काम, आपणांस त्याची गरज काय? दोनतीन उदाहरणांवरून हा गैरसमज दूर होईल.

वेळापत्रक घ्या. एक शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर नेमला जाऊ नये, आणि सभागृह एकाच वेळी दोन कार्यक्रमांना दिले जाऊ नये. पोस्टग्रेसमध्ये 'पासून–पर्यंत' असा कालावधीच एका रकान्यात ठेवता येतो, व दोन कालावधी एकमेकांवर चढू नयेत असे बंधन खुद्द तक्त्यावर घालता येते. मग कोणी कितीही घाईत नोंद करो, यंत्रच त्यास अडविते. मायएसक्यूएल व एसक्यूलाइट यांत ही तपासणी प्रोग्राम लिहून करावी लागते.

दुसरे उदाहरण गोपनीयतेचे. वर्गशिक्षकास आपल्याच वर्गाच्या ओळी दिसाव्यात, इतरांच्या दिसू नयेत. २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ओळीओळीवर असा पहारा बसविता येतो. एसक्यूलाइटमध्ये तर वापरणाऱ्यांची ओळखच नसते. ज्याच्या हाती फाईल त्याच्या हाती सर्व दप्तर.

तिसऱ्या उदाहरणात मारियाडीबी बाजी मारते. जन्मतारीख कोणी बदलली तर आधीची कोणती होती व ती कधी बदलली, हे पाहता यावयास हवे. जुन्या रजिस्टरात तांबड्या शाईने खोडून वर नवे लिहीत असत, त्यामुळे खालचे वाचता येई. संगणकात मात्र जुने पुसलेच जाते. मारियाडीबीत २०१८ सालच्या १०.३ या आवृत्तीपासून एखादा तक्ता 'इतिहासासह' ठेवण्याची सोय आहे. गेल्या वर्षीच्या अमुक दिवशी ही ओळ कशी होती, असे विचारले की ती तशीच दाखविली जाते.

याखेरीज पोस्टग्रेसला बाहेरून नवी अंगे जोडता येतात. 'पोस्टजीआयएस' हे त्यांतील प्रसिद्ध अंग. ते जोडले की नकाशावरील स्थळे व सीमा तक्त्यात ठेवून 'या शाळेपासून दोन किलोमीटरच्या आत राहणारी मुले किती?' असा प्रश्नही विचारता येतो. शोध गुंतागुंतीचे होत जातात तसतसे पोस्टग्रेसचे सामर्थ्य जाणवू लागते. तरी मायएसक्यूएलनेही २०१८ सालच्या ८.० आवृत्तीत पुष्कळ अंतर भरून काढले आहे. एका ओळीची शेजारच्या ओळींशी तुलना करणारे शोध, उदाहरणार्थ वर्गातील क्रमांक लावणे, आज चौघांतही होतात.

७. आपल्या लिपीचा प्रश्न

मराठी नावे ठेवावयाची तर देवनागरीचा विचार अगत्याचा. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळची ठरलेली लिपिसंहिता लॅटिन अक्षरांची होती. ती न बदलता देवनागरी नावे भरली, आणि कडक पद्धतही चालू नसली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे. मूळ अक्षर एकदा गेले की ते परत मिळत नाही. ८.० पासून युनिकोड हीच मूळ संहिता झाली आहे. तरी जुन्या संगणकावर, आणि मारियाडीबीतही, ती आधी तपासून घ्यावी. एसक्यूलाइट युनिकोडातच लिहिते. पोस्टग्रेसमध्ये ती मांडणीच्या वेळी निवडावयाची असते.

क्रमाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. म्हणून शब्दकोशात 'काहूर' आधी व 'काळ' नंतर. युनिकोडात मात्र 'ळ' ची जागा 'ल' शेजारी आहे. त्यामुळे एसक्यूलाइट आपल्या मूळ क्रमाने 'काळ' हा शब्द 'काव्य' याच्याही आधी लावते, आणि ग्रंथालयाची सूची पाहणारा वाचक बुचकळ्यात पडतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ सालच्या १०व्या आवृत्तीपासून भाषाभाषांचे क्रमनियम पुरविणाऱ्या एका ग्रंथालिकेचा उपयोग करता येतो, आणि २०२३ सालच्या १६व्या आवृत्तीपासून आपले नियम आपणच लिहून देता येतात. जगाच्या एका कोपऱ्यातील वर्णमालेसाठी एवढी जागा ठेवलेली पाहून आम्हांस समाधान वाटले.

८. मालकी व देखभाल

दप्तर पन्नास वर्षे टिकावयाचे असते. म्हणून हे सॉफ्टवेअर कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी आपला हक्क सोडून ते सार्वजनिक केले आहे, व २०५० सालापर्यंत ते सांभाळण्याचा आपला संकल्प जाहीर केला आहे. पोस्टग्रेसला कोणी एक मालक नाही. निरनिराळ्या देशांतील मंडळी मिळून ते चालवितात. मायएसक्यूएल मुक्त असले तरी त्याची मालकी ओरॅकलकडे आहे. मारियाडीबीचा सांभाळ व्हावा म्हणून एक प्रतिष्ठान स्थापन झालेले आहे.

देखभालीत पोस्टग्रेस थोडी अधिक सेवा मागते. बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती ते लगेच फेकून देत नाही. त्या झाडून काढण्याचे काम आपोआप चालते, पण ते नीट चालले आहे ना, हे पाहावे लागते. त्याची नवी मोठी आवृत्ती दर वर्षी निघते व प्रत्येकीस पाच वर्षे आधार मिळतो. तेवढ्या काळात सर्व माहिती पुढच्या आवृत्तीत नेण्याचे काम एकदा तरी करावे लागते. एसक्यूलाइटला यांतले जवळजवळ काहीच लागत नाही.

९. मग निवड कशी करावी?

'सर्वांत चांगला कोणता?' हा प्रश्नच चुकीचा आहे. लिहिणारे किती, सांभाळणारा कोण, आणि चूक झाली तर भोगणार कोण, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. लिहिणारा एक असेल व काम लहान असेल, तर एसक्यूलाइट घ्यावे. पण अटी स्वतः घालाव्यात. हवे ते सॉफ्टवेअर मायएसक्यूएल वा मारियाडीबीवरच चालत असेल, किंवा जवळचा जाणकार त्यातलाच असेल, तर निःशंकपणे तेच घ्यावे. शेजारी जाणकार असणे हाही मोठा गुण आहे. मात्र अनेकांचे हात लागणार असतील, दप्तर दीर्घकाळ टिकावयाचे असेल आणि चुकीची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागणार असेल, तर पहिल्या दिवसाचा त्रास सोसून पोस्टग्रेस शिकावे, असे आमचे मत बनले आहे.

हे मत कसे बनले तेही सांगतो. आम्ही सर्व नोंदी प्रथम एसक्यूलाइटमध्ये भरल्या. तारखेची अट घालण्याचे आमच्याच ध्यानी आले नाही. पुढे त्या पोस्टग्रेसमध्ये नेऊ लागलो तेव्हा ते काही ओळींवर अडून बसले. एका ठिकाणी '३१ जून' होते. एका ठिकाणी तारखेच्या जागी 'अर्ज पाहा' असे लिहिलेले होते. आधी आम्हांस राग आला. मग एकेक अर्ज काढून पाहू लागलो तेव्हा कळले की ते यंत्र आमची चूक आम्हांलाच दाखवीत होते, आणि तीही एखादी मुलगी कचेरीच्या दारात येऊन उभी राहण्याच्या आधी.

परंतु, मित्रहो, एक गोष्ट विसरू नका. १२ जून आणि २१ जून या दोन्ही खऱ्या तारखा आहेत. जगातील सर्वांत कडक डेटाबेसनेही आमची ती मूळ चूक स्वीकारलीच असती. तारीख एकाच ठिकाणी राहील, एवढे तो पाहील. ती खरी आहे की नाही, हे त्यास कधीच कळणार नाही. म्हणून आता आमच्या कचेरीत नवी नोंद झाली की एकाने प्रवेशअर्ज हाती घेऊन मोठ्याने वाचावयाचे व दुसऱ्याने पडद्यावर पडताळावयाचे, असा परिपाठ ठेवला आहे. त्यास फार वेळ लागत नाही.

त्या विद्यार्थिनीचा दाखला आम्ही दुरुस्त करून दिला. टळलेली मुदत मात्र आम्हांस परत देता आली नाही.